साडेबारा ते तीन

दरवर्षी १५ जूनला आमच्या खिडकीसमोरचे दृश्य बदलते. शारजातील आमच्या इमारतीसमोर गेली दोन वर्षे एक नवी इमारत उभी राहत आहे. आदल्या दिवसापर्यंत भर दुपारी फिरणारी क्रेन त्या दिवशी बरोबर साडेबाराला थांबते. पिवळी हेल्मेटे एकामागून एक खाली उतरतात. कुणी पत्र्याच्या शेडमध्ये, कुणी अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या सावलीत पुठ्ठा अंथरून अंग टाकतो. पायांतले जाड बूट काढून ते ओळीने ठेवलेले असतात. तीन वाजले की बूट पुन्हा पायांत जातात आणि क्रेन हलू लागते. हा क्रम १५ सप्टेंबरपर्यंत चालतो.

आम्ही हे काचेआडून पाहतो. आमच्या खोलीतील एसी २३ अंशांवर असतो. खोलीतील उष्णता शोषून तो ती बाहेर, म्हणजे त्या पुठ्ठ्यावर निजलेल्यांच्याच हवेत, सोडत असतो. या विचाराने पहिल्या उन्हाळ्यात आम्ही काहीसे अस्वस्थ झालो होतो. पुढे सवय झाली. सवय झाली, हेच या लेखाचे निमित्त आहे.

पर्यावरण आणि आरोग्य यांवर आपल्या मंडळींत बोलणे निघाले की गाडी बहुधा धूळ, मुलांचा दमा, घरातच राहिल्यामुळे होणारी ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि बाटलीबंद पाणी यांपाशी थांबते. हे प्रश्न खरेच आहेत. विपुल सूर्यप्रकाशाच्या देशात मुलांना ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यावे लागतात, यातला विरोधाभासही मोठा आहे. परंतु हे सारे घरात राहणे ज्यांना परवडते त्यांचे प्रश्न आहेत. या देशातील सर्वांत मोठा पर्यावरणीय धोका उष्णता हा आहे, आणि तो आपल्यातल्या सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. उन्हात कोण उभा राहील आणि सावलीत बसण्याची मुभा कोणाला मिळेल, हे निसर्ग ठरवीत नाही. कामाची वाटणी करणारे ठरवितात.

प्रथम शरीराची गोष्ट. ज्यांचे बालपण विदर्भात किंवा मराठवाड्यात गेले त्यांना कूलर समजावून सांगण्याची गरज नाही. एप्रिल उजाडला की गवताच्या ताट्या बदलायच्या, टाकीत पाणी भरायचे, पंखा लावायचा. बाहेर ४५ अंश असले तरी आत माणसाला झोप लागते. कोरडी हवा ताटीतले पाणी शोषून घेते आणि पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता घेऊन जाते. हाच कूलर दुबईच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये लावून पाहावा. खोली थंड तर होणार नाहीच, उलट भिंतींना ओल येईल. येथील हवा समुद्राच्या वाफेने आधीच भरलेली असते; तिला आणखी पाणी नको असते.

माणसाचे शरीर म्हणजे एक कूलरच आहे. घाम ही त्याची ओली ताटी. श्रमाचे काम करणाऱ्याच्या स्नायूंतून सतत उष्णता निर्माण होते आणि आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी ती बाहेर टाकावीच लागते. हवा त्वचेपेक्षा उष्ण असेल तर घामाची वाफ हा एकच मार्ग उरतो. हवा दमट असेल तर तोही बंद होतो. घाम गळतो, पण वाळत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार मात्र जातच राहतात.

म्हणून शास्त्रज्ञ केवळ तापमापकावरचा आकडा पाहत नाहीत. तापमापकाच्या गोळ्याभोवती ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते, ते पाहतात. म्हणजे ‘ताटी ओली केल्यावर किती थंडावा मिळतो’ हेच मोजतात. हे ओल्या फडक्याचे तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन स्वस्थ बसलेला निरोगी माणूससुद्धा काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असा सिद्धान्त २०१० मध्ये मांडला गेला. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा त्याहून बरीच खाली, ३१ अंशांच्या आसपासच येते असे दिसले. आणि २०२० मध्ये जगभरातील हवामान केंद्रांच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना जी थोडी ठिकाणे ३५ अंशांची रेषा क्षणभर ओलांडून गेलेली आढळली, त्यांतील एक सिंध प्रांतातील जकोबाबाद होते आणि दुसरे आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचे रस अल खैमा.

ऑगस्ट २०२५ मध्ये अल ऐनजवळच्या स्वेहान येथे पारा ५१.८ अंशांवर गेला. ती बातमी आपण सर्वांनी एकमेकांना पाठविली. परंतु स्वेहान वाळवंटात आहे. तेथील ५० अंश आणि किनाऱ्यावरचे दमट ४० अंश यांत माणसाला अधिक धोका कशाचा, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. आकड्याच्या या फसवेपणाचे सर्वांत दुःखद उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या मैदानावर राज्य शासनाच्या पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात तासन् तास बसली होती. त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश होते. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला ३८ अंश म्हणजे उन्हाळ्याची नुसती सुरुवात वाटते. त्या दिवशीच्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. मंचावर छत होते, मैदानावर नव्हते. नंतर शासनाने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचे ठरविले. आमच्या दृष्टीने ही घटना परक्यांची नाही. आपली जयंती १४ एप्रिलला येते, आपले मेळावे भर वैशाखात भरतात, आणि खेड्यापाड्यांतून टेम्पोत उभ्याने आलेल्या आयाबायांना सावली मिळाली की नाही, हे मंचावरच्या हारतुऱ्यांच्या गर्दीत आपणही पुष्कळदा विसरतो. पाणपोई लावणारी तरुण मुले हीच अशा वेळी खरी आरोग्यसेवा असते.

आता त्या अडीच तासांकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीतील हा नियम २००५ पासून सलग लागू आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हात, उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे. नियम मोडणाऱ्या कंपनीला दर कामगारामागे ५,००० दिरहम दंड होतो. अनेक कामगार असतील तर तो ५०,००० दिरहमपर्यंत जातो. सावलीची जागा, थंड पाणी, क्षारयुक्त पेये आणि प्रथमोपचाराची सोय करणे मालकावर बंधनकारक आहे. डांबरीकरण किंवा काँक्रीट ओतणे यांसारखी मध्येच थांबविता न येणारी कामे आणि पाणी-विजेचे तातडीचे बिघाड यांना सूट आहे. तक्रारीसाठी मानव संसाधन व अमिरातीकरण मंत्रालयाचा ६००५९००००  हा क्रमांक आहे. नियमाचे पालन ९९ टक्क्यांहून अधिक होते असे मंत्रालय दरवर्षी सांगते, आणि आमच्या खिडकीतून जे दिसते त्यावरून ते खोटे म्हणण्याचे आम्हांस कारण नाही. भारतात राज्याराज्यांचे उष्णता कृती आराखडे आहेत; २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये त्यांची सुरुवात केली. त्यांत सल्ले भरपूर आहेत. परंतु भर दुपारी रस्त्याचे काम करून घेतले म्हणून कंत्राटदाराला दर मजुरामागे दंड झाल्याचे आम्ही गावाकडे कधी ऐकलेले नाही. या बाबतीत ज्या देशाचे आपण मीठ खातो त्याचे ऋण मानायला हवे.

तरीही एक गोष्ट बोललीच पाहिजे. हा नियम घड्याळावर चालतो, ऊन घड्याळावर चालत नाही. किनाऱ्यावर सूर्य कलल्यावरही दमटपणा कमी होत नाही. सायंकाळी तो कित्येकदा चढतो. सकाळी दहा वाजताची हवासुद्धा जुलैमध्ये छातीवर ओझ्यासारखी बसते. कतारने २०२१ मध्ये आपल्या नियमात दोन गोष्टी एकत्र आणल्या. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. आणि त्याशिवाय ऊन, वारा व दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला तर घड्याळात कितीही वाजलेले असोत, काम थांबवायचे. कुवेतमध्ये दुपारची बंदी जून ते ऑगस्ट, अकरा ते चार अशी आहे. तेथील अभ्यासकांनी कामावरील दुखापतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बंदी असूनही अतिउष्ण दिवसांत दुखापती वाढतच असल्याचे त्यांना आढळले. मोजमापावर चालणारा नियम पाळणे अवघड असते, तपासणे त्याहून अवघड, हे आम्ही जाणतो. पण प्रत्येक साइटवर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र क्रेनवर लावलेले असते, आणि वारा वाढला की क्रेन थांबते. यंत्रासाठी जे मोजमाप होते ते माणसासाठीही होऊ शकते.

उष्माघाताने कोसळलेला माणूस निदान दिसतो तरी. न दिसणारी हानी मूत्रपिंडांची होते. आपल्या बुद्धवंदनेला सुट्टीच्या दिवशी येणारा भंडारा जिल्ह्यातील एक तरुण गेल्या पावसाळ्यात, म्हणजे गावाकडच्या पावसाळ्यात, सलग तीन आठवडे आला नाही. चौथ्या आठवड्यात आला तो गळालेला चेहरा घेऊन. कामावर चक्कर येऊन पडला होता. दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले निघाले. वय वर्षे २७. आम्ही विचारले, पाणी किती पितोस?

“दादा, खरं सांगू का, कमीच पितो. संडास खाली आहे. बाराव्या माळ्यावरून उतरून परत चढायला वीस मिनिटं जातात. दोनदा गेलं की फोरमन नावानं हाक मारतो.”

अंग दुखते म्हणून तो रोज रात्री वेदनाशामक गोळी घेत होता, हे आणखी अर्ध्या तासाने कळले. शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडांना अधिकच घातक ठरतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. गोळी किराणा दुकानात मिळते, मग ती वाईट कशी असेल, असा त्याचा साधा हिशेब होता. कंपनीचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. त्या कंपनीतही साडेबाराला काम थांबत होते आणि थंड पाण्याचे पिंपही होते. नियमाप्रमाणे सर्व काही होते. फक्त संडास बारा मजले खाली होता.

एल साल्व्हादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी कामगारांमध्ये, मधुमेह वा रक्तदाब नसताना, ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण इतके वाढले की तो एक स्वतंत्र रोग मानला गेला. उष्णतेत दीर्घकाळ कष्ट आणि वारंवार होणारी पाण्याची कमतरता हे त्याचे मुख्य कारण आहे, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. तेथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी वेळापत्रकात बांधून देणारे उपक्रम सुरू झाले. आखाती देशांतून परतलेल्या तरुणांना डायलिसिसवर ठेवावे लागते, हा नेपाळमधील डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव झाला आहे. कतारमध्ये २००९ ते २०१७ या काळात मृत्यू पावलेल्या तेराशेहून अधिक नेपाळी कामगारांच्या नोंदी एका संशोधन गटाने हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. हृदयविकाराने झालेल्या ५७१ मृत्यूंपैकी सुमारे २०० उष्णतेपासून संरक्षण मिळाले असते तर टळले असते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कागदावर मात्र ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ एवढेच असते. शवपेटीबरोबर गावी जाणाऱ्या त्या कागदावर ऊन हा शब्द नसतो. त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्न निघत नाही आणि आकडेवारीतही ते मरण उन्हाच्या खात्यावर जमा होत नाही.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी. आम्ही व्यवसायाने संगणकप्रणाली लिहिणारे. काही वर्षांपूर्वी घरपोच सेवा देणाऱ्या दुचाकीस्वारांच्या फेऱ्या आखणाऱ्या एका प्रणालीवर आम्ही काम केले. कोणत्या स्वाराला कोणती फेरी द्यायची, त्याने किती मिनिटांत पोहोचले पाहिजे आणि उशीर झाला तर त्याचे गुण किती कमी करायचे, हे ती ठरवीत असे. अंतर, वाहतूक, सिग्नल, इमारतीच्या लिफ्टला लागणारा सरासरी वेळ, सारे काही तिच्यात होते. तापमान नव्हते. जुलै-ऑगस्टच्या दुपारी उशिरांची संख्या वाढलेली आम्हांला दिसली होती. आलेखात ती स्पष्ट उंचवट्यासारखी दिसत होती. आम्ही तिला ‘हंगामी फरक’ असे नाव दिले आणि पुढच्या कामाला लागलो. त्या उंचवट्याखाली हेल्मेटमध्ये तापलेली डोकी होती, चटका बसणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या होत्या, आणि उशिरामुळे कापले गेलेले दिरहम होते. शिकलेली, आरक्षणाच्या आणि शिष्यवृत्तीच्या बळावर वर आलेली आमची पिढी. आमच्या हातून हे लिहिले गेले. पुढे आम्ही दुपारच्या फेऱ्यांना पाच मिनिटांची सूट सुचविली. ग्राहक थांबत नाही, असे उत्तर आले. शेवटी तीन मिनिटे मिळाली.

स्वारांसाठी सरकारने आता देशभर दहा हजारांहून अधिक वातानुकूलित विश्रांतिस्थाने उघडली आहेत. सोय चांगली आहे. पण विश्रांतिस्थानात बसलेल्या स्वाराची मिनिटे कोण मोजत असते, हे आम्हांला ठाऊक आहे.

मायदेशात ऊन कोणाच्या वाट्याला येते, याचा एक अभ्यास बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील आणि अन्य संस्थांतील संशोधकांनी केला आहे. २०१९ आणि २०२२ च्या उष्णतेच्या लाटा आणि श्रमबळाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील माहिती त्यांनी एकत्र मांडली. अनुसूचित जाती-जमातींतील माणसे कामाचे अधिक तास उघड्यावर, उन्हात घालवितात आणि इतर बाबी विचारात घेऊनही हा फरक उरतोच, असे त्यांना आढळले. वाचताना आम्हांला आश्चर्य वाटले नाही. कोणीतरी मोजले याचे समाधान वाटले. कोणी कोणते काम करावे हे जन्माने ठरविणाऱ्या समाजात ऊनही जन्मानेच वाटले जाते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न संपाच्या मागण्यांत आणण्याचा आग्रह धरला. कामाच्या जागेचे वाटप हा त्यांच्या दृष्टीने केवळ वेतनाचा प्रश्न नव्हता.

त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. परंतु तो पर्यावरणाच्या नजरेने आम्ही अलीकडेच पुन्हा वाचला. १९०१ सालचा उन्हाळा. सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि सुभेदार रामजी तेथे खजिनदार होते. वडिलांना भेटायला निघालेला लहान भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच स्थानकप्रमुख दूर झाला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. जवळ भाकरी होती, पाणी नव्हते. वाटेतले पाणी शेणामुताने गढूळ झालेले. चुंगीनाक्यावर मागितले तर मिळाले नाही. घास गिळायला पाणी नाही म्हणून ती मुले अन्न जवळ असून उपाशी निजली. आम्हांला जाणवले ते असे, की दुष्काळ त्या वर्षी सर्वांवर होता, ऊन सर्वांवर होते. तहान मात्र जात पाहून लागू झाली. ज्या कामावर वडील होते ते काम दुष्काळाचे, आणि ज्या वाटेवर मुले होती ती वाटही दुष्काळाची.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या १९७२ च्या दुष्काळात अशाच कामांवर खडी फोडत होत्या. त्यांच्या कपाळाला पदराखेरीज सावली नव्हती; लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत असे. आजी पुढे कित्येक वर्षे ‘लघवीला जळजळ’ म्हणून धण्याचे पाणी पीत राहिली, हे आठवून आज आमचे मन शंकाकुल होते. तिचे रक्त तपासण्याचा विचारही त्या काळी कुणाच्या डोक्यात आला नसता.

बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीतील प्रयत्नांतून. कामाच्या तासांना मर्यादा घालणे म्हणजे श्रमिकाचे शरीर अमर्याद वापरता येणार नाही असे कायद्याने सांगणे. त्यात सावलीचे तास मिळविणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे, अशी आमची समजूत आहे.

आपल्या मंडळींच्या हातात काय आहे? फार नाही, पण अगदीच थोडेही नाही. जून ते सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत घरपोच जेवण मागवायचे नाही, असे आमच्या इमारतीतील सात कुटुंबांनी यंदा ठरविले. त्यातील दोन कुटुंबांनी ते पहिल्याच आठवड्यात मोडले. हेही नोंदवून ठेवतो. मागवलेच तर स्वाराला खाली ताटकळत न ठेवता दारात थंड पाण्याची बाटली तयार ठेवायची. नव्याने आलेल्या मुलांवर विशेष लक्ष हवे. उन्हात काम करण्याची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते. उष्णतेने होणारे बहुसंख्य मृत्यू कामाच्या पहिल्याच आठवड्यात होतात, असे अमेरिकेतील नोंदी सांगतात. म्हणून तेथील तज्ज्ञ नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याएवढेच काम द्या आणि रोज थोडे थोडे वाढवा, असे सुचवितात. महाराष्ट्रातून पोर जुलैमध्ये उतरले की दुसऱ्या दिवशी गच्चीवर चढते, ही येथील रीत आहे. निदान आपल्या ओळखीने येणाऱ्यांना तरी ऑक्टोबरनंतर बोलवावे. बोलणे अडखळू लागले, वागणे विचित्र झाले, अंग तापून भोवळ आली, तर हा थकवा नव्हे. माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ९९८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. सुट्टीत येणाऱ्या आईवडिलांपैकी कुणी रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढविणारी, गोळी घेत असेल तर प्रवासापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

भंडाऱ्याच्या त्या तरुणाने आता कामावर दोन लिटरची बाटली न्यायला सुरुवात केली आहे. फोरमनशी बोलायला आमच्यातील दोघे गेले होते. तो केरळचा, पन्नाशीचा, स्वतः वीस वर्षे उन्हात घालविलेला माणूस निघाला. त्याने ऐकून घेतले, आणि आठव्या माळ्यावर तात्पुरता संडास बसविण्याचे वरच्यांना कळविले. तो अद्याप बसलेला नाही. मुलाचे क्रिएटिनिन दुसऱ्या तपासणीत थोडे खाली आले. तिसरी तपासणी ऑक्टोबरमध्ये आहे. गोळ्या त्याने बंद केल्या आहेत, असे तो म्हणतो.

१६ सप्टेंबरला दुपारी साडेबारा वाजता आम्ही मुद्दाम खिडकीशी उभे राहिलो. क्रेन थांबली नाही. पत्र्याच्या शेडमधले पुठ्ठे कुणीतरी दुमडून भिंतीला लावून ठेवले होते. आमच्या मोबाइलवर त्या वेळचे तापमान ४० अंश दाखवीत होते.